घरात काय म्हणतात?

बोलायच्या आधी ते दाढेखाली लवंग धरायचे. थंड पाणी प्यायचे नाहीत, उन्हाळ्यातही नाही.

चिठ्ठी हातात आली की आधी नुसते ओठ हलवत वाचायचे. मग समोरच्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायचे. मग माइकवर.

शाळेसमोर भोंगा बंद करायचे. दवाखान्यासमोर बंद. स्मशान आणि कब्रस्तान, दोन्हींपाशी बंद. "त्यांला काय सांगायचं आता," म्हणायचे.

मयतीचं एलान करताना चप्पल काढून ठेवायचे. अनवाणी पायानं ब्रेक दाबायचे.

हसू आलं की आधी माइकचं बटण बघायचे, मग हसायचे.

फोनवर प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायचे. "गुड्डे, मी बोलतोय. मी बोलतोय. रविवारी ये. रविवारी ये."

आणि नवीन माणूस भेटला की नाव विचारायचे. त्यानं सांगितलं की लगेच दुसरा प्रश्न. "अन् घरात काय म्हणतात?"

बँकेत नवा मॅनेजर आला तेव्हा त्यालाही विचारलं. तो गडबडला. इकडंतिकडं बघत हळूच म्हणाला, "सोनू." काका म्हणाले, "हां. आता वळख झाली."

हे कडुबाकाका. सिल्लोडमध्ये भोंग्याची रिक्षा चालवायचे. गेल्या महिन्यात गेले. मी हे का लिहितेय ते मला नीट सांगता येणार नाही. त्यांचे दोन डबे माझ्या टेबलावर आहेत. काम पुढं सरकत नाही.

माझं नाव तबस्सुम. घरात गुड्डी. आमचं घर सिल्लोडलाच. अब्बा, म्हणजे इब्राहीमभाई, स्टँडजवळच्या दुकानात टेपरेकॉर्डर, पंखे, अँप्लिफायर दुरुस्त करायचे. काकांचा भोंगा महिन्यातून एकदा तरी बिघडायचा. तेव्हा ते दुकानात येऊन बसायचे. मुसलमानाच्या घरची मयत असली की अब्बा त्यांना शब्द सांगायचे. पुरुषाला मरहूम म्हणायचं, बाईला मरहूमा. काका ते तीनचारदा घोकायचे आणि मग रिक्षा काढायचे. त्यांच्या तोंडून 'नमाज-ए-जनाजा' ऐकताना आमच्या गल्लीतल्या बायका रडता रडता पदराआड हसायच्या. पण वेळ कधी चुकीची सांगितली नाही आणि नाव तर कधीच नाही.

मी मराठी घेऊन एम.ए. केलं. आता शहरात, छावणी भागातल्या एका लहानशा केंद्रात काम करते. आम्ही आसपासच्या गावांचे जुने कागद गोळा करतो. बाजार समितीच्या पावत्या, शाळांचे हजेरीपट, तालमीचे फोटो, उरुसाची पत्रकं. ते स्कॅन करतो, नोंदवतो, परत देतो किंवा ठेवून घेतो. केंद्राचे सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "राजेमहाराजांचं सगळं जपलेलं आहे. सिल्लोडचं काय आहे?"

मला लगेच काकांचे डबे आठवले.

गावात काही झालं की लोक कागदाच्या तुकड्यावर लिहून काकांना द्यायचे. उद्या पाणी येणार नाही. साखर आली आहे. जनावरांना लस. अमक्याचे वडील वारले. बकरी हरवली आहे. काका एलान करायचे आणि चिठ्ठी ठेवून द्यायचे. सुरुवातीला भांडण नको म्हणून. कुणी म्हणालं, मी पाच सांगितलं होतं तू सहा म्हणालास, तर दाखवायला. मग सवय झाली. तेलाचे रिकामे डबे भरत गेले. वहीची पानं, सिगारेटच्या पाकिटाचा आतला कागद, लग्नपत्रिकेची मागची बाजू. मराठी, उर्दू, कधी दोन्ही एकाच ओळीत. एवढं गाव मी एका जागी कधी पाहिलं नव्हतं.

मी विचारलं, "काका, हे सगळं आमच्या केंद्राला द्याल?"

"दीन की. मला काय करायचंय. पर एक डबा अजून कच्चा हाय."

"कच्चा म्हणजे?"

त्यांनी एक डबा वेगळा काढून दाखवला. त्यात फक्त हरवल्याच्या चिठ्ठ्या होत्या. म्हैस, कडं, घड्याळ, सायकल, म्हातारा, पोरगं. प्रत्येक चिठ्ठीला खाली मोकळी जागा सोडलेली.

"हरवलं म्हून सांगाया सगळे येतात. सापडलं म्हून कोणी येत नाय. मग ही चिठ्ठी उघडीच राहती. अशी उघडी कशी देऊ तुमाला? लोकं वाचतील. म्हंतील, ह्या गावात सगळं हरवूनच जायचं का काय?"

म्हणून आम्ही रविवारी निघायला लागलो. ते रिक्षा चालवायचे, मी मागं डबा मांडीवर घेऊन. ज्याचं हरवलं होतं त्याच्या घरी जायचं आणि विचारायचं, सापडलं का.

पहिले तात्यासाहेब. गावाबाहेर मळा, आता मुलं शहरात. ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते.

"तात्यासाहेब, म्हैस सापडली का?"

"कोणती म्हैस?"

"कपाळावर चांदा. एक शिंग खाली वळलेलं. गळ्यात निळा दोर."

तात्यासाहेबांनी माझ्याकडं बघितलं. "बरा हाय ना ह्यो?"

"सापडली का नाय तेवढं सांगा."

"आरं, त्या म्हशीच्या पणत्या दूध देऊन आटल्या. आन तू आता इचारतो?"

"चिठ्ठी उघडी हाय."

"आली होती. आपली आपण. सकाळी दारात उभी."

काका पुढं झुकले. "माझं एलान झाल्यावर?"

"म्हशीनं ऐकलं असंल," तात्यासाहेब म्हणाले आणि खोकला येईपर्यंत हसले.

काकांनी पेन्सिल काढली. मोकळ्या जागेत लिहिलं: सापडली. आपोआप.

मग सरूबाई. त्यांचं चांदीचं कडं हरवलं होतं. म्हणाल्या, "जवारीच्या कणगीत निघालं बाबा. सुनंला चोर ठरवून बसले होते मी. मग कोणत्या तोंडानं सांगायला येऊ?"

"पर सांगायचं तरी."

"हरवलं तवा जीव जातो, कडुबा. सापडलं की माणूस जेवायला बसतं. कोण येतंय तुझ्याकडं."

काकांनी लिहिलं: सापडले. आपोआप.

सायकल मेव्हण्यानं नेली होती. घड्याळ खिशाच्या अस्तरात होतं. म्हातारा लेकीकडं जाऊन बसला होता. आपोआप. आपोआप. आपोआप. मला हसू यायचं. काकांनाही यायचं. ते सवयीनं माइकच्या बटणाकडं बघायचे.

मग एकदा त्यांना हसू आलं नाही. रिक्षा चिंचेखाली उभी केली आणि म्हणाले, "गुड्डे, एक तरी असंल का गं?"

"काय?"

"माझं ऐकून सापडलेलं."

मी म्हणाले, "काका, तुमचं ऐकून माणसं मयतीला यायची. गर्दी व्हायची. हे काय थोडं आहे?"

"मयतीला येतातच माणसं. भोंगा नसता तरी आली असती."

तेव्हा मला कळलं की ते डबा बंद करत नव्हते. शोधत होते. उभ्या आयुष्यात गल्लोगल्ली ओरडून आपण एखादी तरी गोष्ट कुणाला परत मिळवून दिली का, एवढंच त्यांना पाहिजे होतं. आणि त्यासाठी डब्याच्या तळाशी एक चिठ्ठी होती. तिच्याकडं ते बोट दाखवायचे, पण बाहेर काढायचे नाहीत. "आधी बाकीच्या," म्हणायचे.

ती चिठ्ठी कृष्णाची.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. काकांनी भोंगा नुकताच घेतला होता. बाजाराचा दिवस. सोयगावकडची एक बाई, चतुराबाई, बाजाराला आली होती. गर्दीत तिचं पोरगं हरवलं. नुकतं चालायला-बोलायला लागलेलं. शेंदरी सदरा. ती काकांच्या रिक्षाला येऊन लटकली. काकांनी विचारलं, नाव काय. ती म्हणाली, कृष्णा. काका दुपारभर ओरडत फिरले. कृष्णा नावाचा मुलगा, शेंदरी सदरा, कुणाला दिसल्यास कळवावे. कृष्णा, बाळा, कुठं असशील तिथून आवाज दे.

ऊन उतरलं तरी पत्ता नाही. चतुराबाई रिक्षाच्या चाकापाशी बसून रडायला लागली. "कुठं गेला रं माझ्या बारकू."

काकांनी विचारलं, "बारकू कोण?"

"ह्योच की. घरात बारकूच म्हणतो आम्ही."

"मग कृष्णा?"

"ते पाळण्यातलं. भोंग्यावर चांगलं नाव सांगावं ना."

त्या पोरानं आपलं नाव कृष्णा आहे हे कदाचित कधी ऐकलंच नव्हतं. भोंगा त्याच्या शेजारून गेला असेल. तो जिलेबीकडं बघत उभा असेल. ते दुसऱ्याच कुणाला तरी बोलावतायत असं त्याला वाटलं असेल.

काका उठले आणि पुन्हा निघाले. आता बारकू म्हणून. बारकू रे बारकू, तुझी आई रिक्षापाशी हाय. गावाच्या पार टोकापर्यंत गेले. परत आले तर बाजार मोडला होता आणि चतुराबाई नव्हती. कुणी म्हणालं, पोलिसांत गेली. कुणी म्हणालं, रडत एसटीत बसताना दिसली. पोरगं बरोबर होतं का, हे कुणालाच सांगता येईना.

चिठ्ठीच्या मागं बाईचं नाव-गाव आहे. पुढं काकांच्या अक्षरात दोन ओळी. नाव: कृष्णा. त्याखाली वेगळ्या पेन्सिलीनं: घरात म्हणतात, बारकू.

तेव्हापासून त्यांनी ती ओळ प्रत्येक चिठ्ठीत घातली. मयतीच्यासुद्धा.

"तुम्ही तेव्हाच का गेला नाहीत? गावाचं नाव तर लिहिलंय."

"जायचोच होतो." डब्याचं झाकण लावत म्हणाले, "नाय सापडलं म्हणाली असती तर?"

शेवटी सगळ्या चिठ्ठ्या झाल्या. एकच राहिली. सर विचारत होते, डबे कधी येणार. मी काकांना म्हणाले, आता चला.

आम्ही एसटीनं गेलो. स्टँडवर एका बसच्या पाटीवर संभाजीनगर लिहिलेलं, कंडक्टर खालून औरंगाबाद औरंगाबाद ओरडत होता. आमची सोयगावची बस पलीकडं लागली होती. काका म्हणाले, "बघ, गावालाबी घरातलं नाव असतंय." त्यांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता. खिशात चिठ्ठी, आणि सारखा खिशावर हात.

चतुराबाईंचं घर लगेच सापडलं. त्या अंगणात मक्याची कणसं सोलत होत्या. बरंच वय झालेलं, पण हात भराभर चालत होते. काकांना त्यांनी ओळखलं नाही. काकांनी चिठ्ठी काढली, आधी ओठ हलवत वाचली, मग मोठ्यानं. जसं एलानाच्या आधी करायचे तसंच.

चतुराबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं बाई. तो तर तवाच सापडला. त्याच सांजंला."

काका उभेच होते.

"बसा की. च्या टाकते."

"त्याच सांजंला?"

"व्हय. एक बाई घिऊन आली स्टँडावर. बुरख्यातली. कडंवर घेतलेलं. मी त्याला घेतलं अन् शेवटची गाडी लागली होती ती धरली. घरी सासू वाट बघत होती ना."

आतून एक माणूस आला. पोट सुटलेलं, टेम्पोची किल्ली बोटात फिरवत. चतुराबाई म्हणाल्या, "ह्योच की तो."

"कोण मी?" तो म्हणाला.

"तू हरवला होतास बाजारात, लहानपणी. हे शोधत होते तुला."

"आजून?" तो मोठ्यानं हसला. मग काकांचा चेहरा बघून थांबला. "बसा ना काका. मला तर काय आठवत नाय."

काकांनी त्याला विचारलं, "घरात काय म्हणतात?"

"आबा म्हणतात सगळे."

"अन् बारकू?"

"बारकू म्हटलं तर सुनंला राग येतो," चतुराबाई म्हणाल्या. "मी एकटीच म्हणते, ती नसली की."

मला वाटलं होतं काका आता हसतील. रडतील तरी. ते ओट्यावर बसले आणि पेन्सिल काढून म्हणाले, "ती बाई कशी आली?"

"कशी म्हंजी? चालत."

"काय म्हणत आली? बारकू म्हणत होती का? का कृष्णा म्हणत होती?"

"काय की."

"आठवा जरा. भोंगा ऐकून आली म्हणाली का?"

"मला पोरगं दिसलं हो, भाऊ. ती काय म्हणाली ते कुठलं ऐकते मी."

"नाव?"

"कुणाचं?"

"त्या बाईचं."

चतुराबाईंनी कणीस खाली ठेवलं. "नाय इचारलं," त्या म्हणाल्या. "तिनं माझं इचारलं नाय, मी तिचं इचारलं नाय. गाडी सुटत होती."

काकांनी लिहिलं: सापडला. पुढं आपोआप लिहिलं नाही. पेन्सिल तशीच धरून बसले. चहा घेऊन आम्ही निघालो. आबानं आम्हाला टेम्पोतून स्टँडवर सोडलं. आम्ही उतरलो तेव्हा तो काकांच्या पाया पडला. कशासाठी, ते त्यालाही कळलं नसावं. मलाही कळलं नाही.

परतीच्या बसमध्ये मी म्हणाले, "काका, झालं. पोरगं सापडलं होतं. आता डबे देऊन टाका."

"अर्धं झालं."

"पण ज्यांचं हरवलं त्यांनीच सांगितलं ना, सापडलं म्हणून?"

"ती बाई ऐकून आली का बिगर ऐकता, ते कुठं कळलं?"

"कळून काय होणार?"

काकांनी चिठ्ठीची घडी करून ती खिशात घातली. हे मी आता पुन्हापुन्हा आठवते. मी बरोबर विचारलं होतं. तरी ते विचारायला नको होतं असं वाटतं. दोन्ही कसं खरं असेल?

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी भोंग्याची परवानगी मागितली. अर्जात कार्यक्रमाचं स्वरूप लिहायचं असतं. पोलीस म्हणाला, "काका, काय लिहू? उद्घाटन? सत्संग?"

"हरवलंय लिहा."

"काय हरवलंय?"

"सापडवणारी."

पोलिसानं 'सामाजिक' असं लिहून शिक्का मारला.

आणि सिल्लोडमध्ये एलान सुरू झालं. तीस वर्षांमागं बाजाराच्या दिवशी, शेंदरी सदऱ्यातलं एक पोरगं, ज्या बाईंनी सांजेच्या वेळी स्टँडवर आणून आईच्या ताब्यात दिलं, त्या बाईंनी किंवा त्यांच्या घरच्यांनी कृपया कळवावे. पोराचं नाव कृष्णा. घरात म्हणत, बारकू. मग तेच हिंदीत, त्यांच्या त्या उच्चारांत. पैसे कुणाचेच नाहीत. रिक्षा त्यांची, पेट्रोल त्यांचं.

मोठा भोंगा रस्त्यावरूनच जातो. म्हणून त्यांनी हातातला लहान माइक घेतला आणि गल्ल्यांमधून पायी जायला लागले. एक गल्ली झाली की पुढची. पोरं मागून ओरडायची, "बारकू सापडला का?" चहाचा टपरीवाला म्हणाला, कडुबाचं डोकं फिरलं. अब्बा म्हणाले, "फिरूं दे. तेरे को क्या करना है?" ते मला नाही, टपरीवाल्याला म्हणाले. मी मनातल्या मनात टपरीवाल्याच्या बाजूनं होते.

सरांना मी काय सांगणार होते? की डबे तयार आहेत, पण एका बाईचं नाव यायचं राहिलंय. मी सांगितलं. सर म्हणाले, "त्या चिठ्ठीवर 'अज्ञात' लिही."

काकांना मी हे बोलले. ते म्हणाले, "अज्ञात कशी? तिच्या घरी म्हाईत असंल की ती कोण हाय."

एका रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. अख्तरीखाला दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. एलान पूर्ण ऐकलं आणि म्हणाल्या, "कडुबा, इधर आ. कौनसा बच्चा?"

"शेंदरी सदरा."

"अरे, बाजार के दिन तो बच्चे गुमतेच. मैं कित्तों कूं स्टँड पे लेके गई. रोता दिसा के उठाया. शेंदरी, हिरवा, कौन देखता?"

काका तिथंच उकिडवे बसले. "भोंगा ऐकून न्यायचा का, खाला?"

"तुझा भोंगा?" खाला हसल्या. "उसमें कुछ समझता क्या? आधा गाणं, आधी खर्रखर्र."

मी काकांकडं बघितलं नाही.

खालांनी सूप खाली ठेवलं. त्यांना काहीतरी जाणवलं असावं. मऊ आवाजात म्हणाल्या, "अच्छा, लिख मेरा नाम. मीच आणला. तेरी आवाज सुनके आणला. लिख."

काकांना फक्त एक नाव लिहायचं होतं. डबा बंद झाला असता. मी दुसऱ्या दिवशी छावणीत घेऊन गेले असते. खाला खोटं बोलत होत्या असंही नाही. त्या असू शकत होत्या. अर्ध्या गल्लीतल्या बाया असू शकत होत्या.

काकांनी पेन्सिल कानामागं लावली. "नको खाला. आठवंल तवा सांगा."

"नहीं याद आया तो?"

"मग दुसऱ्या गल्लीत बघतो."

वाटेत मी चिडले. "काका, तुम्हाला पाहिजे होतं तेच त्या देत होत्या."

"देत होती," ते म्हणाले. "मला सापडायला पाहिजे."

याचा अर्थ मी अजून लावते आहे. लागत नाही.

त्यानंतर मी दोन रविवार गेले नाही. केंद्रात काम होतं. काकांचा फोन आला होता. "मशिदीमागची गल्ली राहिली. मशिदीमागची गल्ली राहिली. मग झालं. मग झालं." आणि लगेच, "डबे तुझ्या अब्बाकडं ठिवलेत. घिऊन जा. ती एक चिठ्ठी माझ्यापाशी राहू दे. ती एक चिठ्ठी माझ्यापाशी राहू दे."

गेल्या महिन्यात एका दुपारी गावच्या ग्रुपवर संदेश आला. श्री. प्रभाकर लक्ष्मण दांडगे यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन. अंत्यविधी आज सायंकाळी. खाली हात जोडल्याची चित्रं, रांगेनं. मीही एक टाकलं आणि फोन उलटा ठेवून स्कॅनिंग करत राहिले.

थोड्या वेळानं अब्बांचा फोन आला. "गुड्डी, निकली क्या?"

"कुठं?"

"कडुबाची मिट्टी आहे ना."

शाळेतल्या मास्तरांनी त्यांचं नाव प्रभाकर लिहिलं होतं. आधीची भावंडं जगली नव्हती म्हणून आईनं कडुबा म्हटलं, म्हणजे याला तरी कुणाची नजर लागू नये. आयुष्यभर कडुबाच. आधारकार्डावर प्रभाकर होतं. पुतण्यानं कार्डावरचं नाव टाइप केलं. त्याचं काही चुकलं नाही. मेलेल्या माणसाचं चांगलं नाव सांगावं ना.

मी पोहोचले तेव्हा अंत्यविधी होत आला होता. पंधरावीस माणसं असतील. अब्बा होते, सरूबाईंचा मुलगा होता, तो टपरीवाला होता. ज्या माणसानं अख्ख्या गावाला मयतीला बोलावलं त्याच्या मयतीला गाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी लोक स्टँडवर विचारत होते, "आज कडुबा दिसंना कुठं?" मग कळायचं. मग ते तिथंच उभे राहायचे. तात्यासाहेब रिक्षा करून काकांच्या घरी आले आणि पुतण्याला म्हणाले, "आरं, भोंगा फिरवायचा ना!"

"फिरवणार कोण?" पुतण्या म्हणाला.

मयतीला येतातच माणसं, असं काका म्हणाले होते. भोंगा नसता तरी आली असती. मला त्यांना सांगायचंय की नाही आली. तुमच्या आवाजानंच यायची. हे कळून त्यांना बरं वाटलं असतं का, तेही मला ठरवता येत नाही.

टपरीवाल्यानं मला शेवटचं सांगितलं. काका त्या दिवशी सकाळीच रिक्षा मशिदीमागच्या गल्लीच्या तोंडाशी लावून आले. चहा सांगितला. छातीत जळजळतंय म्हणाले. लवंग मागितली. चहा यायच्या आत कलंडले.

रिक्षा अजून तिथंच आहे. पुतण्या म्हणतो, पुढच्या आठवड्यात नेतो. मी चावी मागून घेतली आणि आत बघितलं. पुढच्या सीटवर हातातला माइक. खाली चप्पल, काढून ठेवलेली. हे मयतीचं एलान नव्हतं. मग चप्पल का काढली होती?

आरशामागं चिठ्ठी खोचलेली होती. ती आता माझ्या टेबलावर आहे, काचेखाली. सर दोनदा म्हणाले, स्कॅन करून टाक. मी अब्बांना विचारलं, ती गल्ली मी करू का, मला माइकवर बोलता येईल का. अब्बा म्हणाले, "बोलना क्या है, वो मालूम है?" मला माहीत नाही.

वरच्या ओळी जुन्या आहेत. नाव, कृष्णा. घरात म्हणतात, बारकू. सापडला. त्याखाली काकांनी नव्यानं दोन ओळी आखून ठेवल्यात, पट्टी लावून, सरळ.

आणून देणाऱ्या बाईंचं नाव:

घरात काय म्हणतात: